दहा थाऊ

जुन्या गाडीचं इंजिन काम निघालं की साताऱ्यात पहिला प्रश्न येतो, ‘किती सांगितला खर्च?’ आणि लगेच दुसरा, ‘हाफ की फुल?’ हाफ म्हणजे ब्लॉक (इंजिनाचा सिलिंडर असलेला मुख्य भाग) गाडीतच ठेवून पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग आणि हेडचं (वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचं) काम. फुल म्हणजे इंजिन खाली उतरवून बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक कापून मोठं करणं), नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा घासून बारीक करणं), सगळं. दोन दर ठरलेले, दोन मुदती ठरलेल्या. परवडेल तो आकडा निवडायचा आणि गाडी सोडून घरी यायचं. इंजिन नेमकं कुठे आणि किती झिजलंय, हे या सगळ्यात कोणी मोजलेलंच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हाफ-फुल ठरवायचं काम मालकाचं नाही आणि मिस्त्रीचंही नाही. ते मापाचं काम आहे, आणि माप प्रत्येक पार्टाचं वेगळं येतं.

आमची जिप्सी २००१ ची, एमएच ११ पासिंगची. १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, सोळा व्हॉल्व्ह, मागे ताडपत्रीचं छत. सासऱ्यांनी घेतली तेव्हा मेढ्याच्या शेतावर आणि बामणोलीकडच्या रस्त्यांवर जाण्यापुरती होती. आता ती माझ्या धंद्याची गाडी आहे. मी मधपेट्या सांभाळते. जावळीतल्या पेट्या थंडी सरता सरता माण-खटावकडे न्यायच्या, कारण तिकडे कांद्याच्या बीजोत्पादनाचे प्लॉट फुलावर येतात आणि शेतकऱ्यांना परागीभवनासाठी माश्या हव्या असतात. पेट्या हलवायच्या त्या रात्रीच. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्या की दारं बंद करायची, आणि मेढा, सातारा, कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव, दहिवडी असं करत उजाडायच्या आत पोचून दारं उघडायची. वाटेत गाडी अडली आणि ऊन चढलं, तर बंद पेटीत माश्या तापतात, पोळ्याचं मेण मऊ पडून पोळी कोसळतात, अख्खी वसाहत जाते. या गाडीच्या इंजिनाबद्दल मी काटेकोर आहे ती त्यामुळे.

ओडोमीटर २ लाख ८० हजारांच्या पुढे गेला तसं ऑइल कमी व्हायला लागलं. थेंब कुठे गळत नव्हता, म्हणजे आत जळत होतं. ऑइल जळतं ते मुख्यतः दोन वाटांनी. एक तर पिस्टनच्या रिंगांवरून वर, नाहीतर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरच्या सीलमधून खाली. कोणत्या वाटेने जातंय हे धुराच्या वेळेवरून बरंच कळतं. यवतेश्वरचा घाट उतरताना पाय वर असतो, इंजिन ब्रेकचं काम करतं आणि इनटेकमध्ये व्हॅक्यूम जोरात असतो. खाली पोचून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि मागे निळा फुत्कार निघाला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. तोच घाट चढताना, इंजिनावर लोड असताना सतत निळा धूर राहिला, तर रिंगांवर. आमच्या गाडीत दोन्ही होतं, पण चढणीचं जास्त. शिवाय चालू इंजिनात ऑइल फिलरचं झाकण काढलं की तिथूनही फकफक धूर यायचा. याला गॅरेजवाले बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. जळलेला वायू रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो, तो हा.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. धाकटे दीर म्हणाले, ‘वहिनी, विका ती आणि एखादी पिकअप घ्या.’ सल्ला वाईट नाही. पण मारुतीने जिप्सी २०१९ च्या सुमारास बंद केली, आणि पावसाळ्यात चिखलातून पेट्यांपर्यंत पोचणारी, चारही चाकं ओढणारी, उघड्या पाठीची हलकी गाडी त्या किमतीत दुसरी नाही. जिम्नी २०२३ मध्ये आली, ती बंदिस्त बॉडीची. कागदांचा विचारही करावा लागतो. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२ मध्ये तर जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं. एवढं भरून गाडी ठेवायची, तर इंजिनाने पुढची नोंदणीची मुदत विनातक्रार काढली पाहिजे, एवढा हिशेब मी मनाशी पक्का केला.

दुसरा सल्ला पुण्याच्या भंगार बाजारातून इस्टीमचं इंजिन आणायचा. तेही १.३ लिटरचं, त्याच कुळातलं, त्यामुळे ऐकायला सोपं वाटतं. पण इस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. चेंबर, माउंटिंग आणि बरीच जोडणी बदलावी लागते. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, तो बदलायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. आणि एवढं करून जे इंजिन येणार, त्याची झीज किती हे मला कोण सांगणार? आपल्या इंजिनाचं वय तरी आपल्याला ठाऊक असतं.

मिस्त्रीमामांकडे मी आधी कॉम्प्रेशन टेस्ट मागितली. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारायचा आणि एकेका सिलिंडरचं प्रेशर गेजवर वाचायचं. चांगल्या जिप्सीत १३-१४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) येतं. आम्हाला आलं १२, ११.५, ९, ११.५. सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळे इथे आकडा जरा कमीच दिसायचा. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये, चार सिलिंडरमधला फरक पाहावा. एका किलोपेक्षा जास्त फरक म्हणजे काहीतरी बिघडलंय. मग मामांनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारला. काटा ९ वरून १२ वर गेला. ऑइलने रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजवली, म्हणजे गळती तिथेच. व्हॉल्व्ह गळत असता तर काटा जागचा फारसा हलला नसता.

तिसरी तपासणी फारसं कोणी करत नाही. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनात ३००० आरपीएमला प्रेशर पाहिलं. ३ किलोच्या वर होतं. खालून ठोक्याचा आवाजही नव्हता. म्हणजे क्रँक आणि बेअरिंग अजून धरून असावीत.

‘ताई, आता फुलच करून टाकू,’ मामा म्हणाले. ‘क्रँक पन दहा मारून घिऊ. परत उघडायचं काम न्हाई.’

त्यांचा हेतू चांगला होता. गिऱ्हाईक परत धूर घेऊन आलं तर नाव त्यांचं जातं. पण ‘मारून घेऊ’ म्हणजे धातू कापून घेऊ. बोअर कापून मोठा होतो, क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) कापून बारीक होतात, आणि कापलेलं काही परत चिकटवता येत नाही. प्रत्येक इंजिनात असे काप मोजकेच असतात. या इंजिनाला कारखान्याचे ओव्हरसाइज पिस्टन दोनच मापांत मिळतात, ०.२५ आणि ०.५० मिलिमीटर. लेथवाल्यांच्या भाषेत दहा थाऊ आणि वीस थाऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, दहा झाले की साधारण पाव मिलिमीटर. पहिल्याच खेपेला वीसवर गेलं की कारखान्याच्या मापात पुढे काही उरत नाही.

आपल्या भागात लोक इंजिनं पिढ्यान्‌पिढ्या उघडत आलेत, हे मला नेहमी आधाराचं वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर काढले. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात कारखाना सुरू केला, तिथे नांगर झाले आणि पुढे डिझेल इंजिनं झाली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९७५ मध्ये निघालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडली. या कारखान्यांनी गावोगाव टर्नर, फिटर, मशिनिस्ट तयार केले. विहिरीवरच्या इंजिनाचा लायनर (सिलिंडरची आतली नळी) ओढून काढून दुसरा बसवणारी माणसं माझ्या माहेरीही होती. पण त्या इंजिनाची सवय जिप्सीला लावता येत नाही. तिथे लायनर वेगळा असतो, झिजला की नवा घातला की बोअर पुन्हा मूळ मापाचा. जिप्सीचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि आतली बिडाची स्लीव्ह ओततानाच त्यात बसवलेली. ती पुलरने निघत नाही. कापूनच मोठी करायची, आणि कापायला जागा उरली नाही की मग नवी स्लीव्ह ठोकायचा मोठा खटाटोप. म्हणून इथे पाव मिलिमीटरलाही किंमत आहे.

इंजिन उतरलं. हेड निघालं. सिलिंडरच्या तोंडाशी बोट फिरवलं की वरून थोडं खाली एक बारीक पायरी लागत होती. वरची रिंग जिथवर जाते तिथे ती पडते. पिस्टन वर पोचून क्षणभर थांबतो, नेमका तेव्हाच स्फोटाचा दाब रिंगेला भिंतीवर रेटतो, आणि ऑइलचा थर तिथेच सगळ्यात पातळ असतो. त्यामुळे बोअर वर जास्त आणि खाली कमी झिजतो. जावळीच्या कच्च्या रस्त्यांची जांभ्या दगडाची धूळ आणि उशिरा बदललेला एअर फिल्टर हे काम आणखी लवकर करतात. याच टेपरमुळे, म्हणजे वरच्या आणि खालच्या मापातल्या फरकामुळे, जुन्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालायचा हाफचा मार्ग कधी चालतो आणि कधी नाही. प्रत्येक फेरीला रिंग वर फाकते, खाली मिटते. टेपर थोडा असेल तर ती निभावून नेते. जास्त असेल तर काही महिन्यांत धूर परत येतो, आणि रिंगांचे व मजुरीचे पैसे गेलेले असतात.

बोअर मोजायला ब्लॉक जुन्या एमआयडीसीतल्या एका लेथच्या वर्कशॉपमध्ये नेला. तिथले वयस्कर मशिनिस्ट कोणाशी जास्त बोलत नाहीत. त्यांनी ब्लॉक पुसला, बोअर गेज मायक्रोमीटरवर ७४.०० मिलिमीटरला, म्हणजे मूळ मापाला, शून्य केला आणि मला जवळ बोलावलं. ‘तुम्हीच वाचा.’ डायलवरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. गेज आत सोडून ते हलकेच मागेपुढे झुलवत, काटा जिथून उलट फिरतो तो आकडा मी वाचायचा आणि त्यांचा पोरगा खडूने ब्लॉकवर लिहायचा. वर, मध्ये, खाली. प्रत्येक ठिकाणी एकदा क्रँकच्या दिशेने, एकदा तिला काटकोनात. झीज काटकोनातल्या दिशेला जास्त निघते, कारण कनेक्टिंग रॉड तिरका होतो तेव्हा पिस्टन त्या भिंतीवर दाबला जातो. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर वर ७४.०६-७४.०७, खाली ७४.०१. तिसरा वर ७४.१२, खाली ७४.०१. टेपर ०.११. कंपनीची मर्यादा ०.१०.

तीन सिलिंडर आत, एक बाहेर, तोही एका शतांशाने. पण एकच सिलिंडर बोअर करून त्यात वेगळा पिस्टन घालणं मला पटत नव्हतं. चारही पिस्टन एकाच मापाचे आणि एकाच वजनाचे हवेत. म्हणजे बोअर करायचंच हे ठरलं. किती, एवढंच उरलं.

मामा वीसवर ठाम होते, वीसचे पिस्टन साताऱ्यातच तयार मिळत होते. दहाचे पुण्याहून, नाना पेठेतून मागवावे लागणार होते. मी मशिनिस्ट काकांना विचारलं, दहात बसेल का? त्यांनी खडूने ब्लॉकवरच हिशेब मांडला. झीज १२ शतांश. ती दोन्ही भिंतींवर वाटलेली असेल तर प्रश्नच नाही. सगळीच्या सगळी एका भिंतीवर असली, तरी १२. दहा थाऊचा बोअर म्हणजे प्रत्येक बाजूला साडेबारा. ‘काठावर आहे,’ ते म्हणाले. ‘पण निघंल.’

मग पुण्याला सांगितलं. दुकानदाराशी आधीच बोलून ठेवलं, दहात बोअर साफ झाला नाही तर हे परत घेऊन वीसचे द्यायचे. दहावरून वीसवर जाता येतं, वीसवरून दहावर येता येत नाही, हे मामांनाही पटलं. पिस्टन हातात आल्याशिवाय काकांनी मशीन चालू केलं नाही. प्रत्येक पिस्टनचा स्कर्ट (खालचा भाग) मायक्रोमीटरने मोजून त्यावर नंबर घातला आणि त्या त्या पिस्टनला दोन-तीन शतांशांची फट धरून तो तो बोअर कापला. पिस्टनच्या डब्यावरचा आकडा बघून चारही बोअर सरसकट एकाच मापाचे करणारे लोक आहेत. अशांच्या हातात ब्लॉक देऊ नये.

बोअरिंग झाल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या वरच्या भागात एका बाजूला फिकट सावली राहिली होती. टूल तिथून गेलं होतं, पण जेमतेम. मी काही बोलले नाही. काकांनी होनिंगचे, म्हणजे भिंत बारीक घासायचे, दगड लावले, केरोसीन सोडत वरखाली फिरवले, पुसलं, बॅटरी मारली. सावली गेली होती, आणि भिंतीवर सगळीकडे सारख्या तिरक्या रेघा उमटल्या होत्या. या रेघांत ऑइल थांबतं आणि नवी रिंग त्यांच्यावर घासून बसते. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला छान दिसतो, पण त्यात रिंगा बसत नाहीत.

क्रँकचं माप कंपनीच्या मर्यादेत निघालं. मेन जर्नल, पिन, सगळं. कुठे ओरखडा नाही. म्हणून क्रँक ग्राइंड केला नाही, फक्त पॉलिश करून स्टँडर्ड मापाची नवी बेअरिंग घातली. मामांना हे अर्धवट वाटलं. पण माप बरोबर असताना क्रँकचा धातू उगाच का कापायचा? ऑइल प्रेशरने जे आधी सांगितलं होतं, तेच मायक्रोमीटरने सांगितलं. हेड मात्र सपाट पट्टीखाली ठेवल्यावर वाकलेलं निघालं, मर्यादा ०.०५ आणि फट त्याहून जास्त. ते फेसिंग करून घेतलं. व्हॉल्व्ह लॅपिंग, सोळाही सील नवे, दोन गाइड नवे. एकट्या हेडचं काम करून जुन्या बोअरवर बसवायचा स्वस्त पर्याय बरेच जण घेतात. व्हॉल्व्ह घट्ट झाले की कॉम्प्रेशन वाढतं आणि झिजलेल्या रिंगांवरचा भार आणखी वाढतो. पहिले काही आठवडे गाडी छान पळते, मग ऑइल आधीपेक्षा जास्त जायला लागतं.

तर आमचं काम हाफही झालं नाही आणि फुलही नाही. बोअर फुल, क्रँक नाही, हेड पूर्ण. मामांच्या रजिस्टरमध्ये यासाठी रकाना नव्हता, त्यांनी एकेका कामाची मजुरी वेगळी लावली. त्यात मी पैसे कमी करायला गेले नाही. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे सील, क्लच प्लेट हे सगळं त्याच वेळी बदललं, कारण त्यांच्यापर्यंत पोचायची मजुरी आधीच भरलेली होती. पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि २००१ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं आहे, त्यामुळे तक्रार नाही, पाइप तेवढे त्याला चालणारे हवेत.

एक गोष्ट मी हट्टाने स्वतः केली, ब्लॉक धुणं. होनिंगच्या दगडांचा बारीक कीस रेघांत अडकून बसतो. पेट्रोलने पुसलं की तो हलतो, निघत नाही. गरम पाणी, साबणाची पावडर आणि ताठ ब्रश लागतो. धुवायचं, ऑइल लावायचं, पांढऱ्या जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचं. फडकं करडं आलं की पुन्हा पाणी. ऑइलच्या गॅलऱ्यांतूनही ब्रश घालायचा. फडकं पांढरं येईपर्यंत मी ते सोडलं नाही. नव्या रिंगांचा आणि नव्या बेअरिंगांचा सगळ्यात मोठा शत्रू त्या करड्या डागात असतो, आणि बिलात तो कुठेच दिसत नाही.

जोडताना रिंग गॅप मामांनीच दाखवला. रिंग एकटी बोअरमध्ये ठेवून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलली आणि टोकांमधली फट फीलर गेजने पाहिली. एक रिंग जरा घट्ट आली, ती कानशीने दोन-चार हात मारून बरोबर केली. ‘ह्ये कोन बगत न्हाई आता,’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं, मी ते ओळखलं. हातात कसब आहे, ते कोणी मागत नाही, एवढंच. मागितलं की माणूस देतो.

नवं इंजिन चाळीसच्या पुढे न्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी शिकवण मी पाळली नाही. रिंगा बोअरवर बसायला त्यांच्यामागे दाब लागतो, आणि तो मोकळ्या इंजिनात किंवा संथ चालवण्यात मिळत नाही. फार वेळ न्यूट्रलवर ठेवलं तर रेघा चकाकतात आणि ऑइल पिण्याची खोड कायमची राहते. मी गाडी यवतेश्वरावरून कासकडे नेली. चढताना अर्ध्याहून थोडा जास्त पाय, पण इंजिन न ओरडवता, आणि उतरताना पाय वर, गिअरवर. दाब आणि ओढ आलटून पालटून. पहिलं ऑइल हजार किलोमीटरच्या आतच काढून टाकलं, त्यात चमचमता कीस होता. तो तसा असतोच. दुसऱ्या बदलीत नव्हता.

आता कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १३ च्या वर आहे आणि त्यांच्यातला फरक अर्ध्या किलोचा. सगळी मापं, बोअरची, क्रँकची, रिंग गॅपची, मी आरसीच्या फोल्डरमध्ये एका कागदावर लिहून ठेवली आहेत; पुढे ही गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला कळेल की बोअर दहावर आहे आणि वीसचा काप अजून शिल्लक आहे. यंदा पेट्या दहिवडीला याच गाडीतून जातील. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांकडे ओढ वाटणाऱ्या पेटीतून) चौथ्या गिअरला बारीक घरघर येते. मामा म्हणतात, बेअरिंगं बदलून टाकू. मी म्हटलं, आधी उघडून कोणतं झिजलंय ते बघू.